क्वार्टरमधला माणूस

पांढरं, चार भोकांचं, एका कडेला किंचित टवका उडालेलं... तिच्या अंगठ्याखाली ते दोनदा निसटलं आणि तिसऱ्यांदा काजात शिरता शिरता थांबलं, कारण जानकीचं लक्ष बोटांवरून उडालं होतं. ती म्हणाली होती, "थांबा, गुंडी..." आणि मग जीभ चावल्यासारखं करून, हळू आवाजात, "बटन लावतो."

टेकचंदनं छातीवरच्या त्या बटणाकडं पाहिलं. गुंडी म्हटलेलं त्याला समजलं होतं. त्याला सगळंच समजत होतं. लकव्यानं उजवा हात नेला, तोही आता अर्धामुर्धा परत आला होता, पण समजणं एक दिवसही गेलं नव्हतं. 'लावतो' तेवढं तिच्या बोलीतलं राहिलं, तिथं बायकाही लावतोच म्हणतात; पण जन्मभर गुंडी म्हणणारी ही बाई, आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याच्या सदऱ्याला हात लावताना शब्द बदलते... परक्या माणसाला कळावं म्हणून बदलावा तसा. तिला सांगायला हवं की गुंडीच म्हण. त्यानं तोंड उघडलं.

"तू पूर्वीसारखंच बोलत जा. मला त्यात काहीही अडचण नाही."

झालं. पुन्हा तेच. वाक्य कसं इस्त्री करून बाहेर आलं. जानकीनं मान हलवली, "हो जी," म्हणाली, आणि खांद्यावर असलेला पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. तिचा पदर डोक्यावरून कधीचाच उतरला होता. सासू गेली त्या वर्षी, बहुधा. गेल्या चार महिन्यांत तो परत वर चढला होता आणि टेकचंदला त्या पदराचा लकव्यापेक्षा जास्त राग येत होता.

डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं. दोन भाषा बोलणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकाच कप्प्यात असतातच असं नाही, कधी एक आधी परत येते, दुसरी मागून येते, कधी येत नाही. टेकचंदची मराठी आली. पुस्तकातली, छापायची, पुण्याला पाठवायची मराठी... ती दवाखान्यातच, पाचव्या-सहाव्या दिवशी, काना-मात्रेसकट हजर झाली. झाडीबोली आली नाही. आईनं ज्या भाषेत अंगाई म्हटली, ज्या भाषेत तो धानाच्या बांधीतल्या चिखलात पडला आणि उठला, जिच्यात त्यानं लग्न केलं, ती भाषा कानातून आत येत होती आणि तोंडातून बाहेर निघत नव्हती. गावात पहिले आठ दिवस नुसती मजा झाली. शेजारची चंद्रभागाबाई मुद्दाम बघायला यायची. "तुमची तब्येत कशी आहे?" असं त्यानं विचारलं की पदर तोंडात कोंबून हसायची आणि बाहेर जाऊन सांगायची, "टेकचंदभाऊ टीव्हीवरच्या बातम्यावानी बोलून राहिले वो!" जानकीही हसायची तेव्हा. नंतर ती हसायची थांबली.

चहा आला. कपबशीत.

त्याचा स्टीलचा गिलास होता, कडा चेपलेला, दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा. तो मांडणीवरच होता, इथून दिसत होता. कपबशी पाहुण्यांची. तहसीलचा कारकून, लेकीच्या, रुपाच्या, सासरची माणसं, साकोलीहून कुणी साहित्यिक-बिहित्यिक आले तर त्यांच्यासाठी. जानकीनं हे मुद्दाम केलं नसणार. असं बोलणारा माणूस समोर बसला की तिचा हात आपोआप कपबशीकडं जात असणार. मी तिच्या जागी असतो तर माझाही गेला असता... आणि तिची तरी काय चूक, तिनं या माणसाला पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं.

हे खरंच होतं. असं बोलणारा तो माणूस जवाहरनगरला राहायचा. आयुध निर्माणीत कारकुनी, क्वार्टर, फॅक्टरीची बस. आजूबाजूला बिहारी, तेलुगू, बंगाली, सगळ्यांशी हिंदी, साहेबाशी मोडकं इंग्रजी, आणि संध्याकाळी वसाहतीच्या वाचनालयातून आणलेली मराठी पुस्तकं. त्या पुस्तकांनी त्याला मराठी शिकवली. पलंगाच्या कडेला लाकडी फळी टेकवून तो तिथं कथा लिहायचा. दोन संग्रह झाले, एक कादंबरी झाली, परीक्षणात कुणीतरी लिहिलं की या भाषेला मातीचा वास आहे. ते वाचून तो एकटाच खो खो हसला होता, कारण ती भाषा त्यानं फरशीवर बसून, पंख्याखाली, पुस्तकं वाचून कमावली होती. जानकी एक वर्ष तिथं राहिली होती फक्त. "येथं भांडन केलं तं भिताडाच्या पल्याड सगळं आयकू जाते," म्हणून गावी, आंबागडला परत आली आणि मग तो दर शनिवारी बसनं यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आठवडाभर एक माणूस आणि रविवारी दुसरा. निवृत्त झाला तेव्हा पंखा, पलंग, पुस्तकांच्या पेट्या टेम्पोत घातल्या, पण तो क्वार्टरमधला माणूस काही टेम्पोत बसून आला नाही. त्याची गरज नव्हती. लिहायच्या वेळी तो यायचा, लिहून झालं की जायचा, जानकीच्या समोर कधी पडायचा नाही. ती गमतीनं म्हणायची, "तिकडं कोनी ठेवली व्हती का जी?" तो म्हणायचा... काय म्हणायचा? काहीतरी फार वात्रट म्हणायचा, ती हातातलं सूप फेकायची त्याच्यावर. वात्रटपणा आठवत होता, वाक्य आठवत नव्हतं.

आणि दवाखान्यानं घरी पाठवला तो नेमका क्वार्टरमधला. चुकीचा माणूस रवाना झाला. दुसरा कुठं राहिला याची कुणाला खबर नाही.

जानकी म्हणाली, "आज डोमा येनार हाये. दुपारी." आणि थोडं थांबून, "मंडईचं पुसाले."

ते त्याला ठाऊक होतं. दिवाळी होऊन गेली होती, हलका धान कापून झाला होता, आसपासच्या गावांच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, तारखा लागत होत्या. लेकी-जावई, सोयरे, सगळे मंडईला येणार, दिवसभर बाजार आणि मग रात्री दंडार, नाचगाण्याचा खेळ. दंडारीत नाचाच्या मधल्या वेळेला टेकचंदचं बुढा-बुढीचं भांडण. दर वर्षी नवं. डोमा दंडारीचा म्होरक्या, तोच बुढी व्हायचा, लुगडं नेसून. पंचक्रोशीतली माणसं नाच बघायला कमी आणि बुढा-बुढी ऐकायला जास्त यायची, आणि बुढी कोण, बुढा कोण, हे सगळ्यांना माहीत असायचं. मंडपात जानकी बायकांत पुढं बसायची आणि आपलंच बोलणं डोमाच्या तोंडून ऐकून कपाळाला हात लावायची.

कारण ते लिहिलेलं कधी नसायचंच आधी. मराठी कथा तो एकट्यानं लिहायचा, पण बुढा-बुढीचं तसं नव्हतं. जानकी तांदूळ निवडत बसलेली असायची आणि तो मुद्दाम काहीतरी खुसपट काढायचा... की यंदा तुझ्या भावाला मंडईला बोलवायचं नाही, म्हणायचा. ती तोंड सोडायची. तो उलट बोलायचा. ती त्याच्या वर. कधी कधी भांडण खरंच लागायचं, दोन-दोन दिवस अबोला व्हायचा, आणि अबोला सुटला की त्यातलं जेवढं आठवायचं तेवढं तो लिहून डोमाला द्यायचा. त्याची सगळी झाडीबोली अशीच कागदावर आली होती, बायकोच्या तोंडावरून वळसा घालून.

दहाच्या सुमाराला तो काठी घेऊन बोडीकडं निघाला. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं आणि तिथं कुणी ऐकणारं नव्हतं. बोडीत पाणी भरपूर होतं, काठाला म्हशी बसल्या होत्या, वर आंबागडचा डोंगर आपला होता तिथं होता. त्यानं घसा साफ केला. साध्या गोष्टीपासून सुरुवात करावी. पाणी. म्हैस. ऊन. तोंडातून आलं, "बोडीचं पाणी आज संथ आहे." म्हशींनी मानसुद्धा वर केली नाही. एखादं पोर धडा म्हणून दाखवतं तसं वाटलं त्याचं त्यालाच. मग त्याला आठवलं, डॉक्टर म्हणाले होते की शिव्या सगळ्यात आधी येतात, त्या डोक्याच्या वेगळ्या जागी असतात. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. सगळा जोर लावून, सातवीतल्या मास्तरांवर, तलाठ्यावर, लकव्यावर, कुणावर तरी... एक सणसणीत शिवी डोक्यात तयार झाली, तिचं वजनसुद्धा जिभेवर जाणवलं, आणि बाहेर आलं, "मूर्खा!"

त्याला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, आणि म्हशींपुढं रडायला लाज वाटायचं कारण नव्हतं म्हणून तो थोडा रडला.

एकदा, नागपूरच्या एका चर्चासत्रात, एका प्राध्यापकांनी त्याला सांगितलं होतं की स्पेनच्या कोपऱ्यात गॅलिसिया म्हणून एक मुलूख आहे, पावसाचा, समुद्राकाठचा, आणि तिथलेही कित्येक लेखक दोन भाषांत लिहितात. एक घरची, गॅलिशियन, जिला बरीच वर्षं लोक स्वयंपाकघरातली समजत होते, आणि दुसरी दरबारची. टेकचंदला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. इतक्या दूर कुणीतरी आपल्यासारखं रविवारी घरी जातं, असं काहीतरी. घरी येऊन त्यानं जानकीला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तेथल्या बायका नवऱ्यासंगं कोन्त्या भाषेत भांडतेत जी?"

त्यानं हा प्रश्न पुढं दोन भाषणांत वापरला. टाळ्या पडल्या. उत्तर कधी शोधलं नाही. आता बोडीच्या काठावर त्याला दिसत होतं की गेल्या चार महिन्यांत आपल्या घरात एकही भांडण झालेलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर तो म्हणतो, "आज मीठ जरा अधिक पडलं आहे," आणि ती ताट उचलून दुसरी भाजी करायला जाते. पूर्वी मिठावरून सासर-माहेरच्या दोन-दोन पिढ्या बाहेर यायच्या. ती त्याची सेवा करते, सगळं वेळेवर करते, एका शब्दानं दुखवत नाही. तशी ती पाहुण्यालाही दुखवत नाही. लकव्यानं मेलो असतो तर ती बिचारी विधवा तरी झाली असती, आता ती नेमकी कोण आहे... हा विचार त्याला पटला नाही, पण तो आला खरा.

दुपारी डोमा आला. ओट्यावर चपला काढून आत आला, टेकचंदच्या पायाला हात लावला आणि खुर्ची असताना खाली चटईवर बसला. हाही पूर्वी खाटेवर लोळून बोलायचा.

"बरं हाये ना जी, काका? हात चालते का आता?" मग जरा चुळबुळ करून, "मंडई आली ना. पोट्टे रोज विचारून राहिले, बुढा-बुढीचं यंदा काय हाये मनून. मी म्हनलो, काकाले विचारतो. थोडंसंच असलं तरी चालते."

आतल्या दारात जानकी उभी होती, हातात डोमाच्या चहाचा गिलास. डोमाला गिलास. टेकचंदनं ते पाहिलं. मग त्यानं सकाळपासून मनात घोळवलेलं उत्तर दिलं, शक्य तितकं साधं करून.

"डोमा, यंदा माझ्याकडून लेखन होणं शक्य नाही. गावकऱ्यांनी मला क्षमा करावी, असं त्यांना माझ्या वतीनं सांग."

डोमाचा चेहरा शाळेत झेंडावंदनाला उभ्या असलेल्या पोरासारखा झाला. "नाई नाई, सर," तो म्हणाला... सर म्हणाला. "तब्बेत पयले. तुमी आराम करा, सर." आणि हात जोडून उठू लागला.

"बस गा डोमा!"

गिलास जमिनीवर आपटला, अर्धा चहा सांडला. जानकी पुढं आली होती.

"उठतेस कायले? चहा नाई पेला तू अजून." आणि मग ती टेकचंदकडं वळली. "आन् तुमी जी! तुमाले कोनं सांगतलं क्षमा मांगाले? ते भांडन तुमच्या एकल्याचं व्हतं का? अर्धं माह्यं नोयतं? माह्या हिश्श्याची क्षमा तुमी काहून मांगता?"

टेकचंद तिच्याकडं पाहत राहिला. इतका आनंद त्याला फार दिवसांत झाला नव्हता आणि तो दाखवायचा धीर होत नव्हता, दाखवला तर हे थांबेल.

"मोबाईल काढ रे," ती डोमाला म्हणाली. "आवाज भरून घे. मी बोलतो दोघाइचं. चाळीस वर्सं आयकून राहिलो ना, मले काय नाई येत?"

डोमानं मोबाईल चटईवर ठेवला. जानकी मांडी घालून बसली, सूप नसताना सूप पुढ्यात असल्यासारखे हात केले, आणि बुढी झाली. यंदा मंडईला भाऊ येणार, तिघंही, बायका-पोरांसकट. कोंबडं कापायचं. मग तिनं मांडीवर थाप मारली, नाकातून एक आवाज काढला, आणि बुढा झाली.

"अवं बुढे! तुह्ये भाऊ आले तं कोंबडं, आन् माही बयीन आली का आलूची भाजी? तुह्या भावाचं पोट होय का तराव होय वं?"

पोटाचा तलाव ऐकून डोमा हसून लोळत होता. टेकचंद मात्र त्या थापेपाशीच अडकला होता. ती थाप त्याची होती. नाकातला आवाज त्याचा होता, तो असा आवाज काढतो हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. हा माणूस मेला नव्हता तर. इथंच होता, हिच्याजवळ, धडधाकट, भांडकुदळ, जराही न अडखळता बोलणारा. टेकचंदला त्याचा हेवा वाटला. हो, सरळ हेवाच, बायकोजवळ बसलेल्या परपुरुषाचा वाटावा तसा.

बुढीनं उत्तर दिलं. बुढ्यानं परत दिलं. मग बुढीनं काही तरी तिखट टाकलं आणि जानकी थांबली. बुढ्याची पाळी होती. तिनं मांडीवर थाप मारली नाही. ती टेकचंदकडं पाहत होती, अगदी पूर्वी पाहायची तशी, आता बोला की. डोमाही पाहत होता. टेकचंदला काहीतरी बोलणं भाग पडलं.

"कोंबडा," तो म्हणाला, "कुणासाठीही कापू नये, असं माझं मत आहे."

डोमानं तोंडावर हात ठेवला. सरांना हसावं की नाही त्याला कळेना. जानकीनं डोळे बारीक केले आणि बुढीच्याच आवाजात, हातवारे करत, ओरडली, "ह्या बापा! हा कोन सायेब घुसला वो माह्या घरात? अजी सायेब, हे घर माह्या बुढ्याचं होय! माहा बुढा कुटी ठेवला तुमी?"

"काकू, हे ठेवू!" डोमा उड्या मारू लागला. "हे जबरदस्त हाये! बोला काका, बोला तुमी, जसं येते तसं बोला!"

"तो आतच आहे," टेकचंद म्हणाला.

"मंग बाहेर काहून नाई येत?"

"मला माहीत नाही."

डोमा डोळे पुसत हसत होता. मोबाईलची काच उजळलेली होती. जानकी हसली नव्हती. तिचा आवाज अजून बुढीचा होता, पण डोळे बुढीचे नव्हते, आणि हे नाटकाचं चाललं आहे की खरं, हे टेकचंदला सांगता आलं नसतं. तिलाही सांगता आलं नसतं बहुधा. ती पुढं झुकली.

"आन् तो येतवरी," तिनं विचारलं, "तुमी कोन जी, सायेब?"

दवाखान्यातून आल्यापासून कुणी काही विचारलं की तो आधी जिभेकडं पाहायचा. कोणती भाषा उठते आहे, ही की ती, आणि हीच उठली की उत्तर देण्याआधीच खचायचा. आता जानकी विचारून थांबली होती. तिला घाई दिसत नव्हती. टेकचंदनं जिभेकडं पाहिलं नाही. प्रश्न सोपा नव्हता, आणि तो तिच्या तोंडाकडं बघत, खरोखरच, उत्तराचा विचार करू लागला.